काडीची पत्रावळ, साच्याची पत्रावळ



कचारगड परिसरातील भगिनींसाठी पत्रावळी दाबण्याचे यंत्र द्यावे, अशी इच्छा काही मंडळ्यांनी कळवली आहे. आपल्या प्रेमाबद्दल आभार. मात्र निर्णयाआधी कामाच्या रीती समजून घ्याव्यात, म्हणून हे लिहितो.

सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहेकडे माघ पौर्णिमेला गोंड बांधवांची मोठी यात्रा भरते. अनेक राज्यांतून भाविक येतात. जेवणावळी आल्या की पत्रावळी लागतातच. शिवाय २०१८ मध्ये महाराष्ट्रात थर्माकोलच्या ताटांवर बंदी आली, त्यामुळे पानाला पुन्हा वाव आहे.

जुनी रीत अशी : एकच बाई पळसाची पाने तोडते, निवडते, बांबूच्या बारीक काड्यांनी टाचते आणि पूर्ण पत्रावळ तयार करते. भांडवल शून्य. चुलीवर भात शिजत असताना, नातवंडाला मांडीवर घेऊनही हे काम होते. पण वेग कमी, आकार सारखा येत नाही आणि ठोक व्यापारी भाव पाडतो.

दुसरी रीत गटाची. एकीने पाने निवडायची, दुसरीने टाचायची, तिसरीने मोजून गठ्ठे बांधायचे. हात एकाच कामाला सरावतो, माल एकसारखा निघतो. पौलही करिंथ येथे अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू करीत असे. एका व्यवसायाची माणसे एकत्र बसणे ही काही नवी गोष्ट नव्हे.

तिसरी रीत यंत्राची. ओलसर केलेली पाने तापलेल्या साच्यात दाबली की काठ उभा राहतो, रस्सा सांडत नाही. माल झटपट निघतो. पण वीज गेली की सगळेच थांबते. यंत्राला रोज भरपूर पाने लागतात, आणि फाल्गुनात पळस फुलतो तेव्हा झाडावर पाने जवळजवळ नसतात. म्हणजे आधी वाळवून साठवायला कोरडी जागा हवी. सर्वांत महत्त्वाचे, यंत्रावर दोघी-तिघीच बसतात. घरी काडी टाचणाऱ्या म्हाताऱ्या आजीबाईंचे काय?

माझे मत असे की टाचण्याचे काम घरोघरी राहावे, त्याचे पैसे नगावर मिळावेत आणि यंत्र फक्त शेवटच्या दाबणीला, गटाच्या मालकीचे असावे. म्हणून यंत्राआधी पाने साठवण्याच्या खोलीसाठी देणगी द्यावी, ही नम्र विनंती.