पळताना वेग नको, नाडी बघा

तंजावरच्या दक्षिणेला वीस-पंचवीस किलोमीटरवर ओरत्तनाडु आहे. सरफोजीराजे दुसरे यांनी १८०२ मध्ये बांधलेलं मुक्तांबाळचं छत्र इथलंच. सकाळी मी तिथूनच पळायला सुरुवात करतो.

नोकरीसाठी पुण्याहून इथे आलो तेव्हा माझं वय ४६ होतं. पुण्यात मी साडेसहा मिनिटांत किलोमीटर पळायचो. इथेही तोच वेग धरला. एप्रिलमधल्या एका सकाळी चौथ्या किलोमीटरला डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी रस्त्याकडेला मटकन बसलो. फोन घरी राहिला होता. मनगटावरचं घड्याळ ठोके दाखवत होतं १७२. पुण्यात त्याच वेगाला ते १४५ असायचे. डॉक्टरांनी ईसीजी वगैरे तपासण्या केल्या. हृदय ठणठणीत होतं. चुकला होता तो माझा हट्ट.

असं का झालं? उकाड्यात शरीर थंड ठेवायला बरंचसं रक्त त्वचेकडे वळतं. घामामुळे रक्तातलं पाणीही कमी होतं. मग एका ठोक्यात कमी रक्त बाहेर पडतं आणि हृदय ठोके वाढवून ती तूट भरून काढतं. हवा दमट असली की घाम वाळत नाही, म्हणून त्रास आणखी वाढतो. म्हणजे वेग तोच, पण हृदयाचे कष्ट जास्त.

आता हिशोब बघा. २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करा. माझे कमाल ठोके आले १७६. सकाळी अंथरुणातच मोजलेले ठोके ६२. फरक ११४. या फरकाचे ६० ते ७० टक्के काढून त्यात ६२ मिळवले की येतात १३० ते १४२. हा माझा दुसरा झोन, म्हणजे दमछाक न होता बराच वेळ पळता येईल असा. ७० ते ८० टक्के तिसरा, ८० ते ९० चौथा, त्यापुढे पाचवा. आठवड्यातलं बहुतेक पळणं दुसऱ्यात ठेवा. जोरदार पळणं एखाद-दुसऱ्या दिवशीच.

हे सूत्र सरासरीचं आहे. तुमचे खरे कमाल ठोके दहा-बाराने कमी-जास्त असू शकतात. मनगटावरचं घड्याळही कधी कधी चुकतं. म्हणून सोपी कसोटी लक्षात ठेवा: पळता पळता पूर्ण वाक्य बोलता आलं, तर तुम्ही दुसऱ्या झोनमध्ये आहात. बीटा ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्यांचे ठोके मुळातच कमी राहतात, त्यांना हे आकडे लागू नाहीत. त्यांनी आणि ज्यांना छातीत दुखतं त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

मी वेग पावणेआठ मिनिटांवर आणला. सुरुवातीला लाज वाटायची. चालणारे आजोबासुद्धा पुढे जातायत असं वाटायचं. उकाड्याची सवय व्हायला दोनेक आठवडे लागले. तीन महिन्यांनी त्याच १४० ठोक्यांत मी सव्वासात मिनिटांवर आलो.

पुण्याचा वेग अजून आलेला नाही. पण रोज सकाळी धडधाकट घरी येतो, आणि आता फोन खिशात असतो.