जुन्या पिकअप गाडीची अर्थिंग : दोष कसा शोधावा

लासलगांवचा कांदा असो, नारायणगांवचे टोमॅटो असोत, कीं गांवोगांवचा भाजीपाला असो, शेतांतून बाजारपेठेंत जाणारा पुष्कळसा माल आज लहान पिकअप गाड्यांतून जातो. पूर्वीं बैलजोडीच्या प्रकृतीवर शेतकऱ्याचें जितकें लक्ष असे, तितकें आतां या गाडीवर ठेवणें प्राप्त झालें आहे. नाशवंत माल भरलेला असतां पहाटे गाडी सुरूच झाली नाहीं, तर त्या दिवसाचा भाव गेला. आणि रात्रीं रस्त्यावर मागील दिवा लागला नाहीं, तर प्रश्न पैशाचा न राहतां जिवाचा होतो. दहापंधरा वर्षें चाललेल्या गाडीच्या विजेची तक्रार निघाली कीं बहुधा बॅटरी किंवा सेल्फ बदलण्यांत येतो. परंतु पुष्कळदां दोष या दोहोंत नसून वीज परत नेणाऱ्या जोडणींत, म्हणजे कारागीर जिला ‘अर्थिंग’ म्हणतात तींत असतो. तो शोधण्यास फार विद्या लागत नाहीं. म्हणून त्याची रीत येथें देत आहों.

अर्थिंग म्हणजे काय?

विहिरीवरील पंपाच्या अर्थिंगची तार जमिनींत पुरलेली असते. गाडीच्या अर्थिंगचा जमिनीशीं कांहीं संबंध नाहीं. गाडी रबरी चाकांवर उभी असते. येथें अर्थ म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. बॅटरीच्या धन टोकापासून दिव्यापर्यंत वीज तारेनें जाते. परत ऋण टोकाकडे येण्यास मात्र या सांगाड्याचाच उपयोग केलेला असतो. रहाटगाडगें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस हें सहज समजेल. भरलेलीं गाडगीं वर येण्याची बाजू कितीही चांगली असली, तरी रिकामीं गाडगीं खालीं उतरण्याची बाजू अडकली म्हणजे सर्व माळच थांबते. विजेचेंही तसेंच आहे.

इंजिन व केबिन हीं दोन्हीं रबरी ठोकळ्यांवर बसविलेलीं असतात, आणि रबरांतून वीज जात नाहीं. म्हणून बॅटरी ते सांगाडा, इंजिन ते सांगाडा व केबिन ते सांगाडा अशा जाड तारा किंवा तांब्याच्या विणलेल्या पट्ट्या लावलेल्या असतात. मागील दिव्यांची अर्थची तारही सांगाड्यास बोल्टानें आवळलेली असते. पावसाळ्यांतील चिखल, सांडलेल्या खतांचे क्षार, कोंकणांतील खारी हवा व बॅटरीचें आम्ल यांमुळें या जोडांखालीं गंज चढतो. कधीं गाडी रंगवितांना जोडाखालीं रंगाचा थर बसतो, व तोही विजेस अडवितो.

थोडा गंज किती नुकसान करतो, हें जॉर्ज ओम या जर्मन शास्त्रज्ञानें १८२७ सालीं प्रसिद्ध केलेल्या नियमावरून कळतें. सेल्फ २०० अँपियर वीज घेत असेल, आणि जोडांत एका ओमचा केवळ शंभरावा भाग इतका अडथळा असेल, तर त्या जोडांतच २ व्होल्ट खर्ची पडतात. बारा व्होल्टांच्या बॅटरीस ही तूट फार मोठी. उलट दोन अँपियरहून कमी वीज घेणाऱ्या लहान दिव्यावर तोच अडथळा कांहींच परिणाम करीत नाहीं. दिवे चांगले जळतात पण सेल्फ फिरत नाहीं, या कोड्याचें उत्तर पुष्कळदां हेंच असतें.

दोषाचीं लक्षणें

(१) सेल्फ सुस्त फिरतो, किंवा नुसता ‘टक्’ असा आवाज होतो. दिवे मात्र ठीक असतात.

(२) इंडिकेटर लावला असतां मागील दिवा त्याच्या तालावर मंद होतो, किंवा ब्रेक दाबतांच भलताच दिवा मिणमिणतो. स्वतःची परतीची वाट बंद झालेली वीज दुसऱ्या दिव्याच्या तंतूंतून वाट काढते, त्याचा हा परिणाम.

(३) हेडलाइट लावतांच डिझेलचा व उष्णतेचा असे दोन्ही कांटे जागा सोडतात.

(४) सेल्फ मारतांना अॅक्सिलरेटरची किंवा क्लचची केबल तापते. इंजिनाची पट्टी तुटल्यामुळें सेल्फची सारी वीज या बारीक केबलींतून जात आहे, असें समजावें. केबल जळून अडकण्याचा धोका असल्यानें अशी गाडी दुरुस्तीवांचून रस्त्यावर नेऊं नये.

परीक्षा

साधा मल्टिमीटर घेऊन तो डी. सी. २० व्होल्टांवर ठेवावा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची भरलेली बॅटरी सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते; १२.२ हून कमी असल्यास प्रथम ती चार्ज करावी. नंतर गाडी न्यूट्रलमध्यें ठेवून हँडब्रेक ओढावा. मीटरची काळी पिन बॅटरीच्या ऋण खुंटीवर व लाल पिन इंजिनाच्या उघड्या धातूवर धरून दुसऱ्याकडून सेल्फ मारवावा. आंकडा ०.२ च्या आसपास असल्यास अर्थिंग चांगली, ०.५ हून अधिक असल्यास दोष निश्चित. मग लाल पिन क्रमानें ऋण तारेच्या टोकावर, सांगाड्यावर व इंजिनावर ठेवून हीच परीक्षा करावी. जेथें आंकडा एकदम वाढेल, त्याच्या मागच्या जोडांत दोष आहे. मागील दिव्यांकरितां ते लावून ठेवावे, व काळी पिन लांब तारेनें ऋण खुंटीस जोडून लाल पिन होल्डरच्या धातूवर धरावी.

तार सुटी करून नुसते ओम मोजण्यावर विसंबूं नये. पट्टीचे दोनचार धागे शिल्लक असले तरी मीटर जवळजवळ शून्य दाखवितो. सेल्फचा भार मात्र ते धागे सोसूं शकत नाहींत. बैलाची परीक्षा गोठ्यांत होत नाहीं, औताला जुंपल्यावरच होते.

दुरुस्ती व सावधगिरी

किल्ली बंद करून बॅटरीचें ऋण टोक सर्वांत आधीं काढावें व सर्वांत शेवटीं लावावें. टोकांवरील पांढरी-हिरवी बुरशी खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यानें धुवून कोरडी करावी; सोड्याचें पाणी बॅटरीच्या आंत जाऊं देऊं नये. प्रत्येक जोड सोडवून दोन्ही बाजू पॉलिश पेपरनें चकचकीत होईपर्यंत घासाव्या, दातेरी वायसर घालून घट्ट आवळाव्या, आणि मग वरून व्हॅसलीन लावावें. तुटकी पट्टी पिळून, टेप गुंडाळून चालवूं नये; तितक्याच किंवा अधिक जाडीची नवी घालावी.

इंजिन चालू असतां बॅटरी सोडवूं नये, ऑल्टरनेटर बिघडतो. चार्ज होणाऱ्या बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो, म्हणून जवळ विडी-काडी नको. हौद्यास वेल्डिंग करतांना बॅटरी सोडवून ठेवावी, व वेल्डिंगची अर्थ कामाच्या अगदीं जवळ लावावी. कांहीं जुन्या ब्रिटिश गाड्यांत धन टोक सांगाड्यास जोडलेलें असतें. तेव्हां खुणा पाहूनच हात घालावा.

ही तपासणी वर्षांतून दोनदां, मृगापूर्वीं व दिवाळीनंतर, करावी अशी आमची शिफारस आहे. तींत अर्धा-पाऊण तास जाईल. आंकडे चांगले आले, तर दोष बॅटरींत, सेल्फमध्यें किंवा धन बाजूच्या तारेंत आहे असें समजून गाडी कारागिराकडे न्यावी. पण आंकडे वाईट असतां नवी बॅटरी घेणें म्हणजे पाट फुटलेला असतां विहीर खोल करण्यासारखें आहे.