उडत्या पक्ष्यासाठी कॅमेरा निवडताना

दिवाळीनंतर महाराष्ट्रातील अनेक ओसवाल कुटुंबे मारवाडची वाट धरतात. जोधपूरहून निघून ओसियां येथे सच्चियाय मातेचे आणि महावीर स्वामींच्या प्राचीन मंदिराचे दर्शन घेतले, की पुढचा रस्ता फलोदीकडे जातो. फलोदीपासून अगदी जवळ खिचन हे गाव आहे. सप्टेंबरपासून मार्चपर्यंत येथे हजारो कुरजा मुक्कामाला असतात. मराठीत या पक्ष्याला कांड्या करकोचा म्हणतात. क्रौंचकुळातील हा सर्वांत लहान पक्षी. वजन दोन-तीन किलो, पण पसरलेल्या पंखांची लांबी दीड मीटरहून अधिक. मंगोलिया आणि मध्य आशियातून तो येथवर येतो. गावातील जैन समाजाने कित्येक दशकांपासून या पाहुण्यांच्या दाण्याची व्यवस्था चालविली आहे आणि व्यापारासाठी परगावी गेलेली कुटुंबेही त्यासाठी आपला वाटा पाठवितात. दाणे टाकण्याच्या कुंपणबंद आवाराला तेथे चुग्गाघर म्हणतात. २०२५ साली खिचनच्या पाणथळ जागेचा समावेश रामसर यादीत झाला.

चुग्गाघराभोवतीच्या घरांच्या गच्चीवरून सकाळी हे दृश्य पाहता येते. थव्यामागून थवा उतरतो, दाणे टिपतो आणि तळ्याकडे निघून जातो. पाहणाऱ्यांच्या हाती बहुधा मोबाईल असतो आणि घरी आल्यावर पडद्यावर दिसतात ते राखाडी ठिपके. मग घरातील एखादा तरुण कॅमेऱ्याची मागणी करतो, वडील किंमत विचारतात आणि दोघेही दुकानात जाऊन मेगापिक्सेलच्या आकड्यावर अडकतात. ही खरेदी लहान नाही. नवा, चांगला संच काही लाखांच्या घरात जातो. म्हणून आधी काम समजून घ्यावे, मग माल पाहावा.

या विद्येचा आरंभ जैन वाचकाला विशेष वाटावा असा आहे. १८८२ साली एतिएन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा घडविला. त्याला नळी होती, दस्ता होता आणि चापही होता. चाप ओढला की सेकंदाला बारा चित्रे उमटत आणि प्रत्येक चित्रासाठी प्रकाश आत येई तो केवळ सेकंदाच्या ७२०व्या भागापुरता. त्या बंदुकीतून एकही गोळी सुटली नाही, आणि पक्ष्याचा पंख वर-खाली होताना नेमका कसा वळतो हे मात्र जगाला दिसले. त्या काळी आणि त्यानंतरही कित्येक वर्षे पक्षी अभ्यासायचा म्हणजे आधी तो मारायचा, हीच रीत होती. आज इंग्रजीत छायाचित्र काढण्यालाही गोळी झाडण्याचेच क्रियापद वापरतात. ते आपण उचलण्याचे कारण नाही.

आता मूळ प्रश्न. उडत्या पक्ष्याच्या कामात पैसा आधी लेन्सवर लावावा, बॉडीवर नंतर. हिशेब सोपा आहे. फुल फ्रेम सेन्सरची रुंदी ३६ मिलिमीटर असते. त्यावर ४०० मिलिमीटरची लेन्स लावून पन्नास मीटरवरील पक्षी पाहिला, तर चौकटीत साडेचार मीटर रुंदीचा पट्टा येतो. दीड मीटरची कुरजा त्यातील एक तृतीयांश जागा व्यापते. हीच लेन्स लहान, म्हणजे ज्याला बाजारात क्रॉप सेन्सर म्हणतात त्यावर लावली, तर पट्टा सुमारे तीन मीटरचा होतो आणि पक्षी निम्मी चौकट भरतो. म्हणजे स्वस्त वर्गातला कॅमेरा या एका बाबतीत महागड्याच्या पुढे जातो. संधिप्रकाशात मोठा सेन्सर सरस ठरतो हे खरे, पण खिचनला सूर्य चांगला वर येईपर्यंत थवे उतरत असतात.

चारशेच्या आतली लेन्स घेऊन या कामाला निघू नये. अंतर भरून काढण्यासाठी माणूस पक्ष्याच्या जवळ सरकतो, आणि तो जवळ सरकला की पक्षी उडतो. हजारो किलोमीटर उडून आलेल्या जीवाने साठविलेली चरबी अशा विनाकारण उड्डाणांत खर्ची पडते. लांब लेन्स ही त्या दृष्टीने अंतर राखण्याची सोय आहे. मात्र लांबीलाही मर्यादा हवी. निकॉनचा पी१००० हा २०१८ साली आलेला कॅमेरा ३००० मिलिमीटरइतका झूम देतो, चंद्रावरची विवरे दाखवितो आणि घरच्या मंडळींना चकित करतो; पण उडत्या पक्ष्यावर त्याचा फोकस वेळेत बसत नाही. झाडावर स्वस्थ बसलेल्या पक्ष्यासाठी तो ठीक आहे.

फोकस हाच या व्यवहाराचा गाभा आहे. पूर्वीच्या डीएसएलआर कॅमेऱ्यात छायाचित्रकाराला फोकसचा ठिपका स्वतः पक्ष्यावर धरून ठेवावा लागे. मिररलेस कॅमेऱ्यांत सेन्सरच पक्षी ओळखतो, त्याचा डोळा शोधतो आणि त्याला सोडत नाही. कॅननच्या आर५ व आर६ मध्ये २०२० साली, तर सोनीच्या ए१ मध्ये २०२१ साली ही सोय आली आणि नंतर ती मधल्या किमतीच्या कॅमेऱ्यांतही उतरली. २०२२ चा कॅनन आर७ हे त्याचे उदाहरण: क्रॉप सेन्सर, साडेबत्तीस मेगापिक्सेल आणि यांत्रिक शटरवर सेकंदाला पंधरा चित्रे. त्याचा एक दोष दुकानात कोणी सांगत नाही. निःशब्द, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर वापरले तर सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. तेवढ्या अवधीत पंख पुढे गेलेला असतो आणि चित्रात तो वाकडा उमटतो. निकॉनच्या झेड८ व झेड९ मध्ये सेन्सर इतक्या वेगाने वाचला जातो की हा दोष जवळजवळ दिसत नाही. किमतीतला फरक पुष्कळसा या वेगाचा असतो. आर७ घेणाऱ्याने उडत्या पक्ष्यासाठी यांत्रिक शटरच ठेवावे, म्हणजे तो फरक बऱ्याच अंशी वाचतो.

शटरच्या गतीबद्दलही भोळ्या कल्पना आहेत. कुरजेचे पंख संथ हलतात. सेकंदाचा १२५०वा भाग तिला पुरतो. पुणे-सोलापूर मार्गावर उजनीच्या पाणलोटात, भिगवणला, चित्रबलाक आणि रोहित यांनाही तेवढे पुरते. तेथेच पाण्यावर झेपावणारी पाकोळी मात्र निराळे प्रकरण आहे. सहाशेच्या लेन्समधून वीस मीटरवर चौकट जेमतेम सव्वा मीटर रुंद असते आणि सेकंदाला दहा मीटर वेगाने जाणारी पाकोळी ती चौकट सेकंदाच्या आठव्या भागात ओलांडते. तेथे लाखमोलाचा कॅमेराही हात साधलेला नसेल तर रिकामे आकाश टिपतो. म्हणून कोणता पक्षी टिपायचा हे ठरल्याखेरीज किमतीची चर्चा व्यर्थ आहे. वर्षातून एकदा खिचन आणि दोनदा भिगवण करणाऱ्या कुटुंबाला पाकोळीच्या वेगाचा कॅमेरा नको.

वजनाकडे लक्ष द्यावे. निकॉनची २००-५०० मिलिमीटरची लेन्स साधारण २.३ किलोची आहे. बॉडीसह तीन किलोंचा भार डोळ्याशी धरून अर्धा तास उभे राहणे साठीच्या गृहस्थाला झेपत नाही. कॅननची १००-५०० सुमारे दीड किलोची. त्याच कंपनीने १९९३ साली आणलेली ४०० मिलिमीटरची जुनी एफ ५.६ लेन्स सव्वा किलोची आहे. हात कापण्यावर तिच्यात उपाय नाही, पण वेगवान शटरला त्याची फारशी गरजही पडत नाही.

जुन्या मालाचा विचार व्यापारी घरांनी तरी संकोचाने करू नये. बॉडीचा घसारा मोटारीसारखा असतो. नवे मॉडेल आले की किंमत कोसळते. चांगली लेन्स मूल्य टिकवून धरते. निकॉन डी५०० हा २०१६ चा डीएसएलआर सेकंदाला दहा चित्रे घेतो आणि वरची २००-५०० लावून आजही कुरजेचे निर्दोष चित्र देतो. असा वापरलेला संच नव्या मिररलेसपेक्षा पुष्कळ कमी पैशात मिळतो. शटर किती वेळा चालले आहे, लेन्सच्या आत बुरशी आहे का, हे मात्र जाणकाराकडून तपासून घ्यावे. पावसाळी हवेच्या शहरात बुरशीने लेन्स हमखास खराब होतात. सिलिका जेलचा हवाबंद डबा ही फार मोठी गुंतवणूक नाही. आणि बिलाविना, परस्पर परदेशातून आलेला माल स्वस्त म्हणून घेऊ नये. हमीपत्र नसलेल्या यंत्राची पहिली दुरुस्तीच सारी बचत गिळते.

एका नव्या सोयीचा उल्लेख स्वतंत्रपणे करायला हवा. बटण पूर्ण दाबण्याआधीच्या अर्ध्या-एक सेकंदातील चित्रे काही कॅमेरे आपोआप साठवून ठेवतात. आर७, झेड८ आणि ओएम-१ यांत ती निरनिराळ्या स्वरूपात आहे. पक्षी उडण्याचा क्षण माणसाच्या बोटाला कधीच सापडत नाही. म्हणून काही हौशी मंडळी टाळी वाजवितात, खडा टाकतात, नावाड्याला होडी थेट थव्यात घालायला सांगतात. थवा उडतो, चित्र मिळते आणि पाठीमागच्या प्रत्येक होडीला तोच पायंडा पडतो. जीवदयेच्या कुळातल्या माणसाने तर हे करूच नये, आणि या सोयीमुळे आता तसे करण्याचे निमित्तही उरलेले नाही. पक्षी स्वतःच्या मर्जीने उठेल तेव्हा यंत्राने तो क्षण आधीच धरलेला असतो. दोन कॅमेऱ्यांत निवड अडली, तर ज्यात ही सोय आहे तो घ्यावा.

खरेदीनंतरचे पहिले दोन महिने मारवाडला जाण्यात घालवू नयेत. गावाबाहेरच्या घारी, शेतात नांगरामागे चालणारे गायबगळे, तळ्यावर एका जागी पंख फडफडवीत तरंगणारा कवड्या खंड्या यांच्यावर हात बसवावा. वाऱ्याच्या दिशेकडे पाठ करून उभे राहावे. मोठे पक्षी वाऱ्याला सामोरे होऊन उतरतात, त्यामुळे ते समोरून येतात.

मेगापिक्सेलचा खरा उपयोग अशा सरावानंतर कळतो. मंगोलियात संशोधक पट्टकादंबांच्या गळ्यात अंक लिहिलेली पट्टी बसवितात आणि भारतातील जलाशयांवर काढलेल्या छायाचित्रांतून तो अंक वाचून कोणता पक्षी कोठून आला हे निश्चित झालेले आहे. पूर्वी यासाठी पक्षी पुन्हा पकडावा लागे किंवा मेलेला सापडावा लागे. खिचनच्या गच्चीवरून टिपलेल्या कुरजेच्या पायात रंगीत कडे दिसले, तर चित्र मोठे करून रंगांचा क्रम, कोणता पाय, तारीख आणि स्थळ लिहून ठेवावे व ते पक्षिनिरीक्षकांच्या संस्थेकडे पाठवावे.