विश्लेषण : नाटकातला उजेड कोण ठरवतो? जालन्यासारख्या जिल्ह्यात हे काम अवघड का?

दिवाळीनंतर राज्यात हौशी नाट्य स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. निकालाच्या यादीत अभिनय, दिग्दर्शन, नेपथ्याबरोबर प्रकाशयोजनेचेही पारितोषिक असते. अभिनय प्रेक्षकाला दिसतो, नेपथ्य दिसते. प्रकाशयोजना मात्र चुकली तरच लक्षात येते. जालना जिल्ह्याने मराठी रंगभूमीला महत्त्वाची नाटके आणि नट दिले. पण गावाच्या चौकात किंवा शाळेच्या पटांगणात प्रयोग करणाऱ्याला संहितेइतकीच काळजी विजेच्या दाबाची करावी लागते. हे काम नेमके काय असते आणि मोजक्या साधनांत ते कसे साधते, याविषयी.

प्रकाशयोजनाकार नेमके काय करतो?

प्रेक्षकाने कोणत्या क्षणी कुठे पाहायचे आणि काय पाहायचे नाही, हे तो ठरवतो. काम सुरू होते संहितेपासून. प्रसंग दिवसाचा की रात्रीचा, उजेड खिडकीतून येतो की कंदिलातून, दोन प्रसंगांमध्ये किती काळ गेला, याची टिपणे काढली जातात. मग तालमींना बसून नट कुठे उभे राहतात, कुठून कुठे जातात, हे पाहिले जाते. त्यावरून दिव्यांचा आराखडा तयार होतो. कोणता दिवा कोणत्या बारवर, कोणत्या कोनात, कोणत्या रंगाच्या जिलेटिनसह लावायचा, हे त्यात असते.

नाट्यगृहात दिवे टांगल्यावर प्रत्येकाचा झोत जागेवर आणला जातो. त्यानंतर प्रत्येक प्रसंगासाठी दिव्यांची पातळी ठरते आणि बदलांची यादी, म्हणजे क्यू शीट, तयार होते. कोणत्या वाक्यावर उजेड बदलायचा आणि तो दोन सेकंदांत की वीस सेकंदांत, हे त्यात लिहिलेले असते. प्रयोगात ती यादी ऑपरेटर चालवतो. नटाने विराम लांबवला तर त्यालाही हात रोखून धरावा लागतो.

हे शास्त्र कुठून आले?

विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हा रंगमंचावर तेलाच्या दिव्यांचाच उजेड होता. तमाशा टेंभ्यांवर रंगला, पुढे गॅसबत्त्या आल्या. या सर्वांचा हेतू एकच होता, नट दिसला पाहिजे. उजेडाने अर्थही सांगता येतो, हा विचार स्वित्झर्लंडच्या अॅडॉल्फ अॅपिया यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडला. अमेरिकेतील स्टॅन्ले मॅककँडलेस यांनी 1932 मध्ये रंगमंचाच्या प्रत्येक भागावर दोन बाजूंनी सुमारे 45 अंशांतून उजेड टाकण्याची पद्धत पुस्तकातून मांडली. आजही बहुतेक आराखडे तिथूनच सुरू होतात.

भारतात तापस सेन यांचे नाव आदराने घेतले जाते. उत्पल दत्त यांच्या ‘अंगार’ या 1959 च्या नाटकात पाण्याने भरत जाणारी कोळशाची खाण त्यांनी केवळ प्रकाशाच्या जोरावर उभी केली. त्यांच्याकडे त्या वेळी आजच्यासारखी यंत्रणा नव्हती. मराठीत प्रदीप मुळ्ये, शीतल तळपदे यांच्यासारख्यांच्या कामामुळे प्रकाशयोजनाकाराचे नाव जाहिरातीत ठळक छापले जाऊ लागले.

जालन्याचा संदर्भ काय?

घनसावंगी तालुक्यातील जांबसमर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. याच गावचे राजकुमार तांगडे यांनी ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ लिहिले. संभाजी भगत यांची संकल्पना आणि नंदू माधव यांचे दिग्दर्शन असलेले हे नाटक 2012 मध्ये रंगमंचावर आले आणि राज्यभर गाजले. त्यातील अनेक नट जालना जिल्ह्यातील, शेतीशी नाते असलेले होते. तांगडे यांचे त्याआधीचे नाटक होते ‘आकडा’. गावातील वीज हाच त्याचा विषय. तारेवर आकडा टाकून वीज घेणे हे ग्रामीण भागात कुणालाही समजावून सांगावे लागत नाही.

हा योगायोग बोलका आहे. ज्या भागातील लेखकाला विजेवर नाटक लिहावेसे वाटले, तिथे नाटकालाही वीज लागतेच. जालना शहरात मा. कृष्णराव फुलंब्रीकर यांच्या नावाचे नाट्यगृह आहे. पण तालुक्याच्या किंवा गावाच्या ठिकाणी प्रयोग होतो तो सभागृहात, मंदिरासमोर किंवा पटांगणात. तिथे दिवे टांगायला बार नसतो आणि स्वतंत्र वीजजोडणीही नसते.

अडचण नेमकी कुठे येते?

थोडा हिशेब करू. रंगमंचावरचा एक नेहमीचा हॅलोजन दिवा 1000 वॉटचा. 230 व्होल्टवर तो सुमारे 4.3 अँपिअर वीज ओढतो. म्हणजे 16 अँपिअरच्या एका सॉकेटवर जेमतेम तीन दिवे. बारा दिवे लावायचे तर 12 किलोवॉट, म्हणजे 52 अँपिअर लागतात. शाळेच्या साध्या जोडणीला ते झेपत नाही. मग जनरेटर मागवावा लागतो किंवा दिवे कमी करावे लागतात.

दुसरी अडचण दाबाची. संध्याकाळी सगळ्या गावाचा वापर वाढला की दाब उतरतो. हॅलोजन दिव्याचा दाब 10 टक्क्यांनी घटला तर त्याचा उजेड सुमारे 30 टक्क्यांनी घटतो आणि पिवळट-लालसर होतो. दुपारच्या तालमीत ठरवलेली पातळी रात्रीच्या प्रयोगात निरुपयोगी ठरते, ती यामुळे. भर दुपारचा प्रसंग कातरवेळेचा वाटू लागतो, आणि दोष मात्र प्रकाशयोजनाकाराच्या माथी येतो.

तिसरी अडचण वेळेची. दौऱ्यावरच्या किंवा स्पर्धेतल्या संघाला रंगमंच प्रयोगाआधी थोडाच वेळ मिळतो. नेपथ्य उभारणे, दिवे लावणे, झोत जुळवणे हे सारे त्यातच करायचे. प्रकाशासह संपूर्ण तालीम पहिल्यांदा होते ती बहुधा प्रयोगातच.

एलईडीने प्रश्न सुटला का?

विजेचा प्रश्न बराचसा सुटला. एक एलईडी पार साधारण 150 ते 200 वॉटचा असतो. असे बारा दिवे मिळून दोन-सव्वादोन किलोवॉट होतात, म्हणजे एका 16 अँपिअरच्या सॉकेटवर भागते. चांगल्या बनावटीच्या दिव्यावर दाबातील चढउताराचा फारसा परिणाम होत नाही. जिलेटिन बदलण्याची गरज नसते, रंग कन्सोलवरून बदलतात. 1986 मध्ये ठरलेली डीएमएक्स 512 ही पद्धत त्यासाठी आजही वापरात आहे. एका केबलवरून 512 वाहिन्यांना आदेश देता येतात.

पण नाटकासाठी काही गोष्टी हातच्या जातात. हॅलोजन मंद होताना हळूहळू तांबूस होतो, विझत्या कंदिलासारखा. साधा एलईडी मंद करताना रंग बदलत नाही आणि शेवटी झटक्यात विझतो. लाल, हिरवा, निळा मिसळून केलेल्या पांढऱ्या उजेडात चेहरा निस्तेज दिसतो. लग्नाच्या मांडवासाठी घेतलेले दिवे नाटकाला भाड्याने आणले की नेमका हा अनुभव येतो. युरोपातही 2018 मध्ये नव्या ऊर्जानियमांमुळे रंगमंचावरचे जुने दिवे हद्दपार होतील म्हणून रंगकर्मींनी मोहीम उघडली होती. पुढे रंगमंचाला काही सवलती मिळाल्या.

मोजक्या दिव्यांत काय करता येते?

चार दिव्यांतही बरेच साधते. दोन दिवे समोरून, डाव्या-उजव्या तिरप्या कोनांतून, 10-12 फूट उंच स्टँडवर लावावेत. ते नाकासमोर आणि बुटके ठेवले तर चेहरा सपाट होतो आणि मोठी सावली मागच्या पडद्यावर नाचते. तिसरा दिवा मागून, म्हणजे नट पडद्यापासून सुटा दिसतो. चौथा राखीव ठेवावा, नाटकातल्या एका महत्त्वाच्या क्षणासाठी. दिव्याचे अंतर दुप्पट झाले की उजेड एक चतुर्थांश होतो, हे लक्षात ठेवले तर स्टँड दोन पावले पुढे सरकवूनही पातळी वाढवता येते. बदल कमी आणि सावकाश ठेवावेत. सर्व दिवे सतत लावून ठेवले तर राखून ठेवायला काही उरत नाही.

सुरक्षेत मात्र काटकसर नको. आकड्यावरून घेतलेली वीज, उघडे जोड, अर्थिंग नसलेला लोखंडी स्टँड यांत जिवाशी गाठ असते. टांगलेल्या प्रत्येक दिव्याला साखळी हवी.

काय बदलायला हवे?

8 ऑगस्ट 2024 रोजी कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत भस्मसात झाले, तेव्हा सारे नाट्यक्षेत्र हळहळले. पण नाट्यगृहे रोजच्या देखभालीअभावीही निकामी होतात. बंद डिमर आणि गंजलेले बार यांची बातमी होत नाही. जिल्ह्याच्या नाट्यगृहात चालू स्थितीतील दिव्यांची यादी दारावर लावलेली असावी, स्वतंत्र थ्री फेज जोडणी असावी आणि स्पर्धेआधी संघांना प्रकाशासह एक तालीम मिळावी, या मागण्या फार मोठ्या खर्चाच्या नाहीत.

छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवले जाते. पण जालन्यातील हौशी संघांत हे काम बहुधा ‘लाइट सांभाळणारा’ म्हणून ज्याच्याकडे येते, त्याने ते कुठे शिकलेले नसते. तो शिकतो चुकत चुकत, दुसऱ्याचे दिवे वापरून. जिल्ह्याकडे लेखक आहेत, नट आहेत. त्यांच्या चेहऱ्यावर उजेड टाकणाऱ्या या माणसाला पहिल्या तालमीपासून बोलावले, एवढे केले तरी नाटक बदललेले दिसेल.