हमीभावाची परीक्षा काट्यावर



मृगाच्या आधी आपण बियाण्याची जुळवाजुळव करीत असतो, त्याच सुमारास दिल्लीहून खरिपाच्या हमीभावाची बातमी येते. २०२५-२६ च्या हंगामाची बातमी २८ मे २०२५ रोजी आली. मध्यम धाग्याचा कापूस क्विंटलला ७७१० रुपये, लांब धाग्याचा ८११०, सोयाबीन ५३२८ आणि तूर ८००० रुपये. आकडे वाचून घरात हिशेब सुरू होतो. पोरीचे लग्न, सोसायटीचे कर्ज, घरावरचे टिन, सगळे त्या आकड्यावर मांडले जाते. पण दिवाळीच्या तोंडावर माल घरात येतो तेव्हा तोच भाव आपल्या पदरात पडतो का? नागपूर जिल्ह्यातल्या काटोल, सावनेर, हिंगणा, उमरेड या भागातल्या कोणत्याही कास्तकाराला विचारा. उत्तर आपल्याला ठाऊकच आहे.

भाव ठरविणे ही एक गोष्ट आणि त्या भावाने माल विकत घेणे ही दुसरी. पहिली गोष्ट दिल्लीत होते, दुसरी आपल्या तालुक्याच्या काट्यावर व्हायला हवी. गाडी अडते ती इथेच.

हमीभाव आला कोठून?

१९६५ साली कृषी मूल्य आयोग स्थापन झाला. त्याच वर्षी भारतीय अन्न महामंडळही आले. देशात धान्याची टंचाई होती. शेतकऱ्याने गहू-तांदूळ भरपूर पिकवावा आणि पिकवल्यावर भाव कोसळून तो बुडू नये, हा त्यामागचा हेतू. पंजाब-हरियाणात मंडीमंडीत सरकारी खरेदी उभी राहिली. म्हणून तिथल्या शेतकऱ्याला गहू आणि धान विकताना हमीभावाचा आधार मिळाला. आपल्याकडची पिके मात्र कापूस, तूर, सोयाबीन. भावाची घोषणा त्यांनाही होते, पण खरेदीची तशी पक्की यंत्रणा त्यांच्यामागे नाही. २०१५ साली शांताकुमार समितीने दाखवून दिले की, देशातले जेमतेम सहा टक्के शेतकरी सरकारी यंत्रणेला हमीभावाने माल विकतात. बाकीच्यांसाठी हमीभाव म्हणजे दुरून दिसणारा दिवा.

आयोग खर्च धरतो तो कोणता, हेही समजून घ्या. बियाणे, खत, औषध, मजुरी, बैलजोडी किंवा ट्रॅक्टरचे भाडे असा हातचा खर्च आणि घरच्या माणसांच्या श्रमाची मजुरी मिळून सध्याचा दीडपट हिशेब होतो. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हा खर्च क्विंटलला ३५५२ रुपये धरला, त्याची दीडपट ५३२८. आपल्या मालकीच्या जमिनीचा खंड आणि गुंतवलेल्या भांडवलाचे व्याज त्यात येत नाही. डॉ. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय शेतकरी आयोगाने २००६ साली खर्चावर किमान पन्नास टक्के जादा भावाची शिफारस केली. तेव्हापासून वाद आहे तो खर्च कोणता धरायचा याचाच. हा वाद महत्त्वाचाच आहे. पण जो भाव जाहीर झाला तोही हाती येत नसेल, तर आधी ते भोक बुजवले पाहिजे.

एकाधिकाराचा धडा

आपल्या महाराष्ट्राने एक मोठा प्रयोग करून पाहिला आहे. १९७१ च्या कायद्याने १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. राज्यातला सगळा कापूस सरकारी यंत्रणेनेच घ्यायचा, खासगी व्यापाऱ्याला मज्जाव. गावोगावच्या कास्तकाराला एकच भाव मिळू लागला, प्रतवारीची सवय लागली, माल नेला की कोणीतरी घेणारच ही खात्री आली. हे योजनेचे मोठे काम.

पण दुखणीही वाढली. केंद्रासमोर बंड्यांच्या रांगा लागल्या. चुकारे लांबले आणि दुकानदाराची उधारी, मजुरांची वेचाई अंगावर राहिली. बाहेर भाव चढला की इथला कापूस चोरवाटेने सीमेपलीकडे जाई, बाहेर उतरला की तिकडचा इकडे येई. तोटा फुगत गेला. २००२ नंतर एकाधिकार सैल झाला आणि खासगी खरेदीला वाट मिळाली. आज हमीभावाने कापूस घेण्याचा मुख्य भार १९७० साली स्थापन झालेल्या भारतीय कापूस महामंडळावर, म्हणजे सीसीआयवर आहे.

धडा असा की, घेणारा सरकारी असला एवढ्याने भागत नाही. केंद्र वेळेवर उघडले पाहिजे, माप-प्रत चोख हवी आणि चुकारा लवकर मिळाला पाहिजे. या तिन्हींपैकी एक लंगडले की कास्तकार खेडा खरेदीवाल्याच्या दारात जातो.

केंद्र उशिरा, गरज आधी

सीतादही होऊन पहिली वेचणी घरात येते तेव्हाच पैशाची निकड सर्वांत मोठी असते. रब्बीचे बियाणे घ्यायचे असते, दिवाळी असते. नेमके तेव्हा केंद्र उघडलेले नसेल, तर घरी येणारा व्यापारी म्हणेल तो भाव. पुढे केंद्र सुरू होते तेव्हा लहान कास्तकाराचा माल संपलेला असतो. मग हमीभावाचा फायदा घेतो कोण? ज्याच्याकडे माल थांबवून ठेवण्याची ताकद आहे तो.

तुरीची गोष्ट आठवा. २०१६-१७ साली तूर विक्रमी पिकली. बारदाना कमी पडला, ढीग लागले आणि २२ एप्रिल २०१७ रोजी केंद्रे बंद झाली, तेव्हा कित्येक जण माल घेऊन रांगेतच होते. २०२४ साली सोयाबीनचा बाजारभाव ४८९२ या हमीभावाच्या खाली होता, पण केंद्रावर १२ टक्क्यांहून जास्त ओलावा चालत नव्हता. ही मर्यादा १५ टक्के झाली ती नोव्हेंबरच्या मध्यात, म्हणजे अनेकांचे सोयाबीन विकून झाल्यावर.

आपल्या हातात काय?

सरकारकडे मागणे मागूच. पण घरातल्या घरात जे करता येते ते सोडू नये.

पहिले, ओलावा. कापसाचा हमीभाव ८ टक्के ओलाव्याला आहे. पुढच्या प्रत्येक टक्क्याला भावाचा एक टक्का कापला जातो आणि १२ टक्क्यांच्या वर कापूस घेतला जात नाही. ८११० रुपयांचा कापूस १२ टक्के ओलाव्याला ७७८५ रुपये ६० पैशांवर येतो. दहा क्विंटलमागे सव्वातीन हजारांचे नुकसान! दहिवर उतरल्यावर वेचणी करा, दोन उन्हे द्या. कवडी कापूस आणि पालापाचोळा चांगल्या कापसात मिसळू नका. हे काम घरातल्या बायाच करतात. म्हणून ओलाव्याचा हा हिशेब त्यांच्यापर्यंत पोचलाच पाहिजे.

दुसरे, नोंद. ई-पीक पाहणीत पीक चढवले नाही, तर केंद्रावर सातबारा दाखवूनही अडचण येते. २०२५ च्या हंगामापासून सीसीआयची नोंदणीही मोबाइलवरच्या ‘कपास किसान’ ॲपवर सुरू झाली. शाळेत शिकणाऱ्या पोरा-पोरींना हाताशी घ्या आणि मुदत चुकवू नका. आधारशी जोडलेले बँक खाते चालू आहे ना, हेही पाहून ठेवा.

तिसरे, तारण. सोयाबीन, तूर, हरभरा विकण्याची घाई असेल, तर बाजार समितीकडे शेतमाल तारण कर्ज योजनेची चौकशी करा. राज्य पणन मंडळाची ही योजना आहे. गोदामात ठेवलेल्या मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. समितीने ती राबवलेली नसेल, तर का नाही हे आपल्या संचालकांना विचारा. मते मागायला ते आपल्याच दारात येतात.

मागायचे ते नेमके मागा

ग्रामसभेत नुसते ‘भाव वाढवा’ असे म्हणून थांबू नका. ठराव नेमका करा. कापसाची आणि सोयाबीनची केंद्रे माल निघण्याआधी उघडावीत आणि तारीख पेरणीच्या वेळीच जाहीर व्हावी. बारदाना आधी भरून ठेवावा. ओलावा मोजणारे यंत्र तपासलेले असावे आणि मोजणी कास्तकाराच्या डोळ्यांदेखत व्हावी. माल नाकारला तर कारण लेखी द्यावे. चुकारा ठरलेल्या दिवसांत खात्यात यावा, उशीर झाल्यास व्याज मिळावे. आणि मक्त्याने, बटईने करणाऱ्याचे काय? सातबारा मालकाच्या नावे, घाम याचा. त्याच्याही नावाने माल घेण्याची सोय हवी.

आणखी एक. १९ ऑगस्ट २०२५ पासून ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ होते, म्हणजे ऐन आपल्या वेचणीच्या दिवसांत. एका हाताने हमी द्यायची आणि दुसऱ्या हाताने बाजार पाडायचा, हे चालणार नाही, असेही त्या ठरावात लिहा.

ठरावाची एक प्रत तहसीलदारांना, एक बाजार समितीला, एक आमदारांना द्या आणि पोच घेऊन ठेवा. हे सारे पेरणीच्या दिवसांतच करा. काट्यासमोर रांग लागल्यावर कोणाला ऐकायला सवड नसते.