तांड्याच्या सणांतलं रान

रामनवमीला वाशिम जिल्ह्यातल्या पोहरादेवीच्या वाटा माणसांनी भरून जातात. बंजारा समाजाचे संत सेवालाल महाराज यांची समाधी, जगदंबेचं मंदिर आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये खुलं झालेलं बंजारा विरासत संग्रहालय पाहून माणसं परत फिरतात. गावाबाहेरच्या बांधाकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. त्या दिवसांत कडुनिंबाला बारीक पांढरा फुलोरा असतो, पळसाला तांबूस पालवी फुटत असते आणि मोहाखाली पहाटे फुलांचा सडा पडलेला असतो. या भागात आलेल्या प्रत्येकानं समाधीच्या दर्शनासोबत हेही पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

बंजारा समाज पूर्वी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून दूरदूर फिरे. या व्यापाराला लदेणी म्हणत. चारा कुठे, पाणी कुठे, पाऊस कधी, हे ओळखल्याशिवाय शेकडो बैल जगवणं शक्यच नव्हतं. सेवालाल महाराजांचा जन्म १७३९ चा, म्हणजे लदेणीच्या भर काळातला. पुढे रेल्वे आली, लदेणी मोडली, तांडे एका जागी स्थिरावले. पण रान निरखायची सवय सणांमध्ये टिकून राहिली.

श्रावणातली तीज बघा. तांड्याच्या नायकाची परवानगी घेऊन अविवाहित मुली बांबूच्या लहान टोपल्यांत माती आणि खत भरतात, गहू पेरतात आणि नऊ दिवस गाणी म्हणत त्याला पाणी घालतात. गहू एरवी रब्बीचा. इथे तो ऐन पावसाळ्यात, डोळ्यांसमोर रुजतो. आधी पांढरं मूळ खाली जातं, मग टोकदार कोंब माती फोडून वर येतो आणि त्यातून पहिलं पान उलगडतं. टोपली सावलीत असली तर रोप पिवळसर राहतं, उजेडात आली की हिरवं होतं. बियाणं कसं उगवतं हे या मुली पुस्तकाआधी टोपलीत शिकतात. गोकुळाष्टमीच्या सुमारास तीज वाजतगाजत विसर्जित होते.

या टोपल्यांत वारुळाची माती घालायचीही रीत आहे. वारूळ बांधणारी वाळवी खालच्या थरातली बारीक माती वर आणते. याच वाळवीतल्या काहींना पंख फुटतात आणि पहिल्या दमदार पावसानंतर त्यांचे थवे जमिनीतून बाहेर पडतात. त्याच सुमारास मखमली लाल मृगाचा किडाही वर येतो. त्याला किडा म्हणतात खरं, पण पाय मोजले तर आठ भरतात, कारण तो कोळ्याच्या कुळातला आहे. वर्षाचा बराच काळ तो जमिनीत दडलेला असतो. बाहेर येतो तो जोडीदार शोधायला आणि पंखवाली वाळवी खायला. त्याची पिल्लं नाकतोड्यांना चिकटून वाढतात. काळ्या रानात पेरणीच्या घाईतही शेतकरी त्याला पाहून क्षणभर थांबतो.

याच दिवसांत पावशा ‘पेरते व्हा’ ओरडत असतो आणि काळापांढरा, तुऱ्याचा चातक आफ्रिकेहून आलेला असतो. दोघंही आपली निळी अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतात. सातभाईंची अंडीही निळीच असतात. बाभळीवर कलकल करणाऱ्या सातभाईंच्या टोळक्यात एखादं थोराड पिल्लू सारखं खायला मागताना दिसलं, तर ते नीट पाहावं.

कुठेही जा, पळसाला पानं तीनच. फाल्गुनात मात्र तीही गळालेली असतात. उघड्या फांद्यांवर केशरी फुलं येतात आणि जांभळे सूर्यपक्षी मधासाठी त्यांत चोच खुपसतात. तांड्यात होळी पहाटे पेटते, लेंगी गीतं गायली जातात. पळसाच्या फुलांचा रंग विदर्भात पूर्वापार वापरात आहे.

वाशिम जिल्ह्यातच कारंजा-सोहोळचं काळवीट अभयारण्य आहे. त्याचं क्षेत्र जेमतेम १८ चौरस किलोमीटर. ज्या माळाला आपण पडीक म्हणतो, त्या गवतात काळवीट चरतात आणि हिवाळ्यात परदेशातून आलेले भोवत्या पक्षी जमिनीलगत घिरट्या घालतात. वाशिम-अकोल्याच्या गवताळ भागात दुर्मीळ तणमोराच्याही नोंदी आहेत. पावसाळ्यात त्याचा नर मादीला खुणावण्यासाठी दिवसातून शेकडो वेळा गवतातून वर उडी घेतो. गवत गेलं की तणमोरही जातो. म्हणून माळ नांगरण्याआधी दहादा विचार व्हायला हवा.

आणि आता दिवाळी. अवसेच्या रात्री तांड्यातल्या मुली दिवे घेऊन घरोघर ‘मेरा’ मागतात. दुसऱ्या दिवशी गाणी म्हणत रानात जातात, फुलं वेचतात आणि दारापुढच्या शेणाच्या गोधनावर वाहतात. या सुमारास बांधावर कुरडूचे गुलाबी-पांढरे तुरे असतात, तरवड पिवळी असते. पावसाळ्याच्या सुरुवातीला याच कुरडूची कोवळी पानं भाजीला खुडतात. सोयाबीनमध्ये उगवली की ती तण ठरते आणि फवाऱ्यानं मरते. पिकातलं तण काढावंच लागतं, हे मान्य. पण तणनाशक हल्ली बांधावरही मारलं जातं. तिथे उगवणाऱ्या कुरडूचा पिकाला काहीच त्रास नसतो. तेवढा बांध फवाऱ्यातून सोडला, तर गोधनाची फुलं तांड्यालगतच मिळतील.