हातावरचा दाणा आणि परळातलं पाणी

मे महिन्यात यवतमाळचा पारा ४४-४५ अंशांवर गेला, की भरदुपारी सावलीतल्या एखाद्या कावळ्याकडे जरा निरखून पाहावं. पंख अंगापासून सुटे धरलेले, चोच सताड उघडी आणि छाती भराभर खालीवर होत असलेली. तो ओरडत नसतो, अंग निववत असतो. पक्ष्यांच्या कातडीत घामाच्या ग्रंथी नसतात आणि त्यांच्या शरीराचं तापमान मुळातच ४० ते ४२ अंशांच्या घरात असतं. हवा त्याहून तापली, की अंगातली उष्णता बाहेर टाकायला एकच वाट उरते, ती म्हणजे पाण्याची वाफ. कावळा त्यासाठी धापा टाकतो, बगळा आणि पाणकावळा गळ्याची कातडी थरथरवतात, होला तर अंगाच्या कातडीतूनही बरंच पाणी उडू देतो. उडालेलं पाणी भरून काढावं लागतं. पंचवीस-तीस ग्रॅम वजनाच्या चिमणीच्या अंगात पाण्याचा साठा तो किती असणार!

म्हणून आपल्या जिल्ह्यात परसातल्या पाखरांचा विषय निघाला, की दाण्याआधी पाण्याचं बोलावं असं मला वाटतं. फळं खाणारा बुलबुल आणि किडे टिपणारा कोतवाल यांना पाण्याचा बराचसा वाटा खाण्यातूनच मिळतो. चिमणी, होला, मुनिया यांचं तसं नाही. कोरड्या दाण्यात ओल जवळपास नसतेच. नाले आटले, की ही पाखरं कुलरच्या ताट्यांतून ठिबकणाऱ्या पाण्याला चोची लावतात. मातीचं उथळ परळ, त्यात बसायला एक दगड, वर सावली, एवढं पुष्कळ झालं. मात्र मांजराला दबा धरता येईल अशा झुडपाला ते खेटून नको.

त्या परळापाशी पाखरं पाणी कसं पितात, तेही पाहण्यासारखं आहे. चिमणी चोचीत थेंब घेते, मान वर करते आणि पाणी घशाखाली उतरू देते. पुन्हा वाकते, पुन्हा मान वर. होला मात्र चोच पाण्यात बुडवतो आणि मान न उचलता ओढून घेतो. होले आणि पारवे यांचं हे वेगळेपण आहे. ज्याला थोड्या वेळात पिऊन उडायचं आहे, त्याला ही पद्धत किती सोयीची! मान खाली घालून पिणं हा पाखराच्या दिवसातला मोठ्या धोक्याचा क्षण असतो.

धोक्यावरूनच हातावर दाणा देण्याकडे येऊ. तळहातावर तांदूळ ठेवून स्थिर बसलं, काही आठवडे रोज त्याच वेळी त्याच जागी बसलं, तर चिमणी किंवा साळुंकी हळूहळू जवळ सरकते. यात माया किती आणि सवय किती, हे पाखराला विचारता येत नाही, पण सवयीचं शास्त्र चांगलं अभ्यासलेलं आहे. जवळ येणाऱ्याला पाहून पक्षी किती अंतरावर असताना उडतो, ते संशोधक फुटपट्टी लावल्यासारखं मोजतात. शहरातल्या पाखरांमध्ये हे अंतर खेड्यातल्या त्याच जातीच्या पाखरांपेक्षा कमी आढळतं. उडण्यात ताकद खर्च होते, भीतीपायी खाणं अर्धवट राहतं. त्यामुळे निरुपद्रवी गोष्टीला घाबरणं सोडून देणं पक्ष्याच्या फायद्याचंच असतं. प्रश्न एवढाच, की तो फक्त तुम्हाला घाबरायचा थांबला, की सगळ्याच माणसांना?

कावळ्याबद्दल याचं उत्तर मिळालेलं आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठाच्या जॉन मार्झलफ यांनी २००६ मध्ये मुखवटे घालून कावळे पकडले, खुणेची कडी अडकवून सोडून दिले. पुढे कित्येक वर्षं तो मुखवटा दिसला, की कावळे कलकलाट करत अंगावर येत. कधीच न पकडलेले कावळेही त्यात सामील होत. नंतरच्या प्रयोगात कावळ्यांच्या मेंदूची चित्रं घेतली, तेव्हा पकडणारा चेहरा आणि खाऊ घालणारा चेहरा पाहताना मेंदूचे वेगवेगळे भाग जागे झालेले दिसले. आपल्याकडे पितृपक्षात काकघास ठेवून कावळ्याची वाट पाहणाऱ्या घरांना हे ऐकून नवल वाटू नये. ज्या गच्चीवर वर्षभर काही ना काही मिळतं, ती गच्ची त्याच्या ओळखीची असते.

चिमणी माणसामाणसांत इतका बारकाईनं फरक करते, असं धरून मात्र चालू नये. तुमच्या हातावर बसणारं पाखरू उद्या गलोलवाल्या पोराच्याही तेवढंच जवळ जाईल. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. दाणा द्या, पण हात मागे घ्या. दाणाही मोजकाच, ज्वारी-बाजरी-तांदळाचा. शेव-फरसाण नको, कारण इतकं मीठ त्या एवढ्याशा मूत्रपिंडांना झेपत नाही. बुरशी धरलेलं धान्य तर विषच. परळ रोज घासून पाणी बदलायला हवं. एक कारण डासांच्या अळ्यांचं, आणि दुसरं कमी बोललं जाणारं. होले-पारव्यांच्या घशात ट्रायकोमोनास नावाचा सूक्ष्मजीव असतो, तो एकाच भांड्यातल्या पाण्या-दाण्यातून इतरांना लागतो. ब्रिटनमध्ये २००५ पासून तो ग्रीनफिंच या छोट्या पक्ष्यात पसरला आणि तिथल्या बागांतले ग्रीनफिंच लाखोंनी घटले. माणसांनी मायेनं टांगलेली दाणापात्रं हा त्या साथीचा एक रस्ता होता.

हातानं भरवण्याचा आणखी एक प्रकार उन्हाळ्यात घरोघर घडतो. पंख फुटू लागलेलं पिल्लू अंगणात उतरतं आणि आपण ड्रॉपरनं त्याच्या चोचीत दूध सोडतो. पक्ष्याला दुधातली साखर पचत नाही. शिवाय त्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या बुडाशीच उघडं असतं, त्यामुळे वरून सोडलेला थेंब सरळ फुप्फुसात जाऊ शकतो. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, ही समजूतही खरी नाही. पिल्लू उचलून जवळच्या फांदीवर, मांजराला पोचता येणार नाही असं ठेवावं आणि आपण लांब व्हावं. आई-बाप बहुधा तिथंच कुठंतरी असतात.

त्या आई-बापांच्या चोचीत काय असतं, हे पाहिलं की अख्खा विषय परसातून वावरात जातो. चिमणी दाणे खाते, पण पिल्लांना सुरुवातीचे दिवस भरवते त्या अळ्या, नाकतोडे, भुंगेरे. पिल्लाचं अंग घडायला प्रथिनं लागतात आणि ती तांदळाच्या कणीत पुरेशी नसतात. विहिरीवर लोंबणारी घरटी विणणारी सुगरणही पिल्लांसाठी किडेच आणते. तिचा विणीचा हंगाम पावसाळ्याचा. आपल्याकडे कपाशीवर फवारणीचा हंगामही तोच.

२०१७ च्या त्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो दवाखान्यात पडले. ज्या फवाऱ्यानं धडधाकट माणूस कोसळतो, त्याच वावरातून सुगरण पिल्लांसाठी अळी उचलत असते. ज्वारीची जागा सोयाबीननं घेतली, तसा पाखरांचा दाणाही गेला. कणसावरची पाखरं गोफणीनं हाकलायची वेळ यायची, इतकं तेव्हा वावरात त्यांच्यापुरतं असायचं. आता आपण तेच दाणे विकत आणून गच्चीवर ठेवतो.

तरी वावरात पाखराला जेवू घालायची एक रीत आपल्याकडे रुळलेली आहे, आणि ती मला हातावरच्या दाण्यापेक्षा फार मोलाची वाटते. पक्षीथांबे. कपाशीत, तुरीत, हरभऱ्यात पिकाहून उंच काठ्या रोवायच्या, वर आडवी काडी बांधायची. कोतवाल, साळुंकी तिथं बसतात आणि खाली उतरून अळ्या वेचतात. हरभऱ्यात पेरतानाच ज्वारीचे थोडे दाणे मिसळले, तर उगवलेली ताटंच थांबे होतात. अळी पाहून, गरजेपुरतीच फवारणी करणाऱ्याच्या वावरात हे चालतं. वेळापत्रकानं फवारणाऱ्याच्या वावरात त्या काठीवर बसून पाखराला मिळणार काय? ज्वारीच्या पिकातही अळीसाठी थांबे लावता येतात, फक्त कणसात दाणा भरू लागला की ते काढून घ्यायचे, नाहीतर अळीसाठी बोलावलेली पाखरं कणसावरच उतरतात.